ममताच्या कुलपावरचं टोकन

राळेगावच्या रस्त्यावरच्या त्या मोठ्या सोयाबीन कारखान्यात ममता राठोडला ओम पहिल्यांदा दिसला तो चुकीच्या रांगेत. कॅन्टीनमध्ये कंपनीच्या लोकांना दही मिळे, ठेक्यावरच्या पोरांना नुसतं वरण. आणि हा पठ्ठ्या ताट घेऊन खुशाल दह्यासमोर उभा!

"ओ ठेकेवाले, तुमची रांग तिकडं हाय."

"माहीत हाय ना मॅडम... पण तिकडून तुम्ही दिसत नाही."

ममता लाजली आणि लाजल्याबद्दल स्वतःवरच चिडली.

मग रोज गाठ पडू लागली. ममता इलेक्ट्रिशियन. सोयाबीन वाळवायच्या ड्रायरमध्ये कुणी साफसफाईला शिरणार असलं की ती मेन स्विच बंद करून आपलं कुलूप घाली. आत जाणारा त्या कुलपाला आपल्या नावाचं टोकन अडकवी, बाहेर आला की काढून नेई. टोकन अडकवताना ओम उगाच रेंगाळे. डोळे सगळं बोलत, तोंडानं मात्र एकच रडगाणं — "आधी परमनंट होतो, मग बोलतो." म्हणजे बसा वाट बघत!

त्या दुपारी ड्रायर चोंदला. ममतानं कुलूप घातलं; ओम आणि त्याचा जोडीदार सुनील टोकनं अडकवून आत शिरले. ममता दुसरं काम आटोपून मेन स्विचच्या पॅनलपाशी परत आली तेव्हा कुलपावर एकही टोकन नव्हतं.

"चला, सुरू करा!" शिफ्टचे साहेब ओरडले. "माल अटकून राह्यला!"

"साहेब, ओम बाहेर आलेला मी पाह्यला नाही."

"टोकन नाही म्हणजे माणूस नाही. किल्ली दे. तुह्यं ट्रायलचं वर्ष याच महिन्यात संपते. तुले पक्कं करायचं का नाही, ते मलेच लिहायचं हाय."

तांड्यातली अशी नोकरी लागलेली ममता पहिली पोरगी. तिच्या याडीनं, म्हणजे आईनं, घरोघरी पेढे वाटले होते. पण ओम आत असला तर...? तिनं किल्ली मुठीत आवळली.

"लिहा काय लिहायचं ते. किल्ली भेटणार नाही."

ती ड्रायरच्या दाराकडे धावली.

"ओम!"

तिनं दारातून आत डोकं घातलं.

"ओम!"

खूप आतून खोकला ऐकू आला. मग भुशानं माखलेलं डोकं बाहेर आलं.

"काहून ओरडून राह्यली?"

तेवढ्यात सुनील धापा टाकत आला. ठेकेदाराची हजेरी सुरू झाली होती, उशीर झाला की अर्धा दिवस कापतात; म्हणून ओमच्या आधी बाहेर पडताना घाईत त्यानं दोघांचीही टोकनं उचलली होती. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. ते पाठ फिरवून निघून गेले. आता काय लिहितील, देव जाणे.

ममता तिथंच जमिनीवर बसली. ओम तिच्यासमोर उकिडवा बसला.

"माह्यासाठी नोकरी डावावर लावली?"

"तुले कायले सांगू? तू तर परमनंट झाल्यावर बोलणार ना!"

ओमनं मान खाली घातली.

"मले तू लय आवडते, ममता... पण माह्यापाशी पक्कं असं काहीच नाही."

"मघाशी तू जित्ता हाय का, तेही मले पक्कं माहीत नव्हतं." तिनं त्याच्या केसांतला भुसा झटकला. "रविवारी घरी ये. याडीशी बोल."

"येतो," ओम म्हणाला. या वेळी त्यानं थट्टा केली नाही.