तिसऱ्या संचालकांचा राहता पत्ता

छोट्या कंपन्यांचे वार्षिक तपशील भरून देणं हा टकटक ताईंचा धंदा. वर्षातून एकदा प्रत्येक कंपनीला सरकारला लिहून द्यावं लागतं, की आमचे संचालक अमुक, ते राहतात तमुक ठिकाणी, आणि हे सगळं आजही खरं आहे. मुदतीत दिलं नाही तर कंपनीचं नाव नोंदवहीतून खोडलं जातं. बाकीचे एजंट मागच्या वर्षीचाच फॉर्म बसल्या जागी उतरवून काढत. ताई मात्र प्रत्येक पत्त्यावर जायच्या, दार ठोठावायच्या, माणूस डोळ्यांनी बघायच्या आणि मगच ‘पत्ता बरोबर’ या चौकटीत खूण करायच्या. म्हणून हे नाव. लोक ते तोंडावर म्हणत आणि ताईंना त्याचा अभिमान होता.

एकाच माणसाच्या बाबतीत त्यांनी सहा वर्षं डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं.

ती कंपनी दोघी बहिणींची. ज्यांचा एक पाय आखूड असतो अशांसाठी तिथे बूट बनत. खाली लांबट कारखाना, अकरा कारागीर, भिंतभर फळ्यांवर गिऱ्हाइकांच्या पायांचे लाकडी साचे, आणि सगळीकडे कातड्याचा आणि सरसाचा वास. वर काचेचं दार असलेली ऑफिसची खोली. संचालक तीन: थोरली, धाकटी आणि ‘तिसरे’. तिसऱ्यांचा पत्ता कारखान्याचाच होता. दरवर्षी फॉर्म टेबलावर ठेवून सगळे जेवायला जात, आणि परत येईपर्यंत तिसरी सही झालेली असे. शाई ओली.

“आत्ता होते इथे,” धाकटी म्हणायची. “जरा बाहेर गेलेत.”

ओली शाई बघून ताई गप्प बसायच्या. गप्प बसण्याला कारण होतं. पहिल्याच वर्षी सहीखाली बारीक अक्षरात एक ओळ आली होती: ‘फॉर्म भरणाऱ्या बाईंचा डावा पाय दोन बोटं आखूड आहे. बूट करावेत.’ ताईंनी जन्मभर ती गोष्ट लांब साडीखाली आणि सावकाश चालीखाली झाकली होती, अगदी सख्ख्या भावालाही कळू दिली नव्हती. बहिणींनी बूट केले. ते घालून ताई त्या दिवशी घरापर्यंत चालत गेल्या, कंबर दुखली नाही म्हणून जिन्यातच बसून रडल्या. ज्यानं असं सुख दिलं त्याच्या दाराची चौकशी कोण करणार?

पण या वर्षी नवा नियम आला. संचालकाचा पत्ता कामाच्या जागेचा चालणार नाही. राहतं घर लिहायचं, केव्हापासून राहतो तेही लिहायचं, आणि फॉर्म भरणाऱ्यानं ‘मी स्वतः खात्री केली आहे’ अशी हमी द्यायची. आज शेवटचा दिवस होता, पाच वाजेपर्यंत.

“तिसरे राहतात कुठे?” ताईंनी विचारलं.

धाकटीनं थोरलीकडे पाहिलं. थोरलीनं चष्मा काढला.

“ताई, तुमच्यापासून काय लपवायचं. बाबांनी कंपनी काढली तेव्हा तीन संचालक लागतील असं कुणीतरी त्यांना सांगितलं. ते खोटं होतं, दोन पुरले असते. पण बाबा घाबरट. स्वतःचं नाव घालायला धजेनात, आणि घरात बाकी आम्ही दोघीच. म्हणून त्यांनी एक नाव मनानंच लिहिलं.”

“आणि सही?”

“ती पहिल्या वर्षापासून येतेय. बाबांना वाटायचं आम्ही करतो. आम्हाला वाटायचं बाबा करतात. बाबा गेले, तरी येतच राहिली.”

“आम्ही कारखाना विकायला निघालो होतो तेव्हा यांनीच ‘नामंजूर’ लिहिलं,” धाकटी म्हणाली. “घेणारा वर्षभरात बुडाला. आणि ते सरसाच्या खोलीचं?”

“‘आज आत कुणी जाऊ नये,’ असं सकाळी लिहून ठेवलेलं होतं,” थोरली म्हणाली. “दुपारी छत खाली आलं. अकरा जणांची घरं वाचली, ताई. आम्ही कुणाचे पाय धरायचे तेच कळत नाही.”

खाली कुणीतरी हातोडीनं टाच बसवत होतं. खरं लिहावं तर आजवरचे सगळे फॉर्म खोटे ठरणार, नाव खोडलं जाणार, ही हातोडी थांबणार. खोटं लिहावं तर एकवीस वर्षांचं आपलं नाव धुळीला मिळणार. आणि हे बूट पायात घालून ते कसं करायचं?

जेवायला उतरताना त्या मागे राहिल्या. टेबलापलीकडच्या खुर्चीत कुणी नव्हतं.

“तुमच्यामुळे मी नीट चालते,” त्या खुर्चीला म्हणाल्या. स्वतःचंच हसू आलं, पण बोलायचं थांबल्या नाहीत. “तुमचे फार उपकार आहेत. राहता कुठे एवढं खरं खरं सांगा. बाकीचं मी बघते.”

जेवण कुणालाच गेलं नाही. वीस मिनिटांत तिघी परत वर आल्या. सही झाली होती. पत्ताही लिहिला होता, मजला आणि दाराच्या क्रमांकासकट.

“अगंबाई,” धाकटी म्हणाली, “मिळाला! कुठे आलं हे?”

ताईंनी फॉर्म हळूच घडी करून पिशवीत ठेवला.

“माहितीतलं आहे,” त्या म्हणाल्या. “जाऊन येते.”

पत्ता त्यांच्याच घराचा होता. ‘केव्हापासून’च्या रकान्यात सहा वर्षांपूर्वीची तारीख होती, ज्या दिवशी बूट घालून त्या घरी आल्या होत्या ती.

त्या घरात ताई एकट्या राहत. सकाळी निघताना बाहेरून कुलूप लावत, संध्याकाळी उघडत. खूण इथेच करता आली असती. स्वतःच्या घराची खात्री ती काय करायची? पण रस्त्यानं चालताना त्यांना कळून चुकलं, की एकवीस वर्षांत दार ठोठावल्याशिवाय आपण एकही खूण केलेली नाही, आणि या माणसासाठी तर ती मुळीच करायची नाही. त्याचा तेवढा मान ठेवायलाच हवा.

सव्वाचारला त्या आपल्या मजल्यावर पोचल्या. जिन्यात ऊन आलं होतं. शेजाऱ्यांच्या घरी रेडिओ चालू होता.

त्यांनी किल्ली काढली, पण कुलपाला लावली नाही.

तीनदा ठोठावलं.

काही नाही.

पुन्हा तीनदा.

आत पावलं वाजली. कुणाला घाई नव्हती. मधल्या खोलीतून निघाली, जेवणाच्या टेबलाला वळसा घालून आली आणि दाराशी थांबली.

घसा खाकरून त्या नेहमीच्या शब्दांत म्हणाल्या, “वार्षिक तपशिलासाठी आले होते. पत्ता बरोबर आहे ना, एवढंच बघायचं होतं.” मग त्या दाराच्या आणखी जवळ सरकल्या. “आणि बुटांचे आभार मानायचे राहिले होते. मनापासून आभारी आहे.”

पलीकडे कुणीतरी श्वास सोडला.

ताईंनी फॉर्म भिंतीला टेकवून चौकटीत खूण केली, हमीखाली सही केली, मोबाइलवर फोटो काढून पाठवला. उत्तर लगेच आलं: स्वीकारलं. अकरा घरांचं काम झालं. त्यांनी डोळे पुसले.

तेवढ्यात आतली कडी निघाली.

बाहेरचं कुलूप तसंच लटकत होतं, आणि दार हळूहळू उघडत होतं.