मार्थाचे कवच

शाल्मल ग्रहावरच्या मिशन ठाण्यात दवाखाना आणि प्रयोगशाळा एकाच खोलीत होती. डॉ. वासंती त्रिभुवन यांनी ध्वनिचित्रकाचा पडदा पाळकांकडे वळवला. समुद्रकाठच्या काठवासी जमातीतल्या, परवा वारलेल्या एका म्हातारीचे शरीर त्यावर दिसत होते आणि कवचाखाली मुठीएवढे काही गोळे.

"ही पिल्लं आहेत, पाळकसाहेब. आतच गुदमरून मेली."

रेव्हरंड अमोस हिवाळे पडद्याकडे वाकले. या ग्रहावर उतरले तेव्हा समुद्रकाठी त्यांनी पहिल्यांदा पाहिले होते ते असे: कवचधारी, बोलके, मायाळू काठवासी आपल्याच म्हाताऱ्या आईला दगडांनी ठेचत होते. त्या दिवशी त्यांना अन्न गेले नाही. मग ते त्यांची भाषा शिकले. जीव घेणे हे महापाप, घेणाऱ्याचा आत्मा कायमचा जळत राहतो, हे त्यांनी वर्षानुवर्षे सांगितले. काठवासींनी ऐकले. दगड खाली पडले. सगळ्या काठाने बाप्तिस्मा घेतला.

"यांच्यात गर्भ म्हातारपणी वाढतो," डॉक्टर सांगू लागल्या. "तोवर कवच इतकं टणक होतं की पिल्लांना वाटच उरत नाही. बाहेरून कुणीतरी फोडावं लागतं. तुम्ही पाहिलंत तो खून नव्हता. बाळंतपण होतं."

"पण आई मरते."

"ती तशीही मरणारच असते. मागं राहिलेली पिल्लं तरुण काठवासिणी आई होऊन वाढवायच्या. आता पिल्लंही मरतात. काठावर शेवटचं तान्हं मूल तुम्ही कधी पाहिलंत?"

हिवाळ्यांना आठवेना.

"किती जणी उरल्या?" त्यांनी विचारले.

"पोटात जिवंत गर्भ असलेली एकच. मार्था. तिचे आजउद्याचे दिवस आहेत."

मार्थाने सगळ्यांत आधी बाप्तिस्मा घेतला होता. दोघे तिच्या गुहेत पोचले तेव्हा तिने वाढवलेली मुले तिच्याभोवती बसून प्रार्थना करत होती. हिवाळे त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसले.

"मी चुकीचं शिकवलं. दगड घ्या. पिल्लं वाचवा."

कुणी हलले नाही. मार्थाच हळू आवाजात म्हणाली, "साहेब, मारणारा जळत राहतो ना? मग माझ्या लेकरांना तिथं कशी धाडू?"

"मग मी फोडतो. मला जळू दे."

"तुम्हाला तरी कशी धाडू?"

हिवाळ्यांनी दगड उचलला. मुलांनी त्यांना मारले नाही, ढकललेही नाही. ती एकेक करून आईच्या अंगावर आडवी झाली, इतकी दाट की कवचाचा तसूभर भागही उघडा राहिला नाही. आता आईपर्यंत पोचायचे तर आधी त्यांना ठेचावे लागले असते.

डॉक्टरांनी मार्थाच्या कुशीला चित्रक टेकवला. पडद्यावरची हालचाल मंदावत गेली आणि थांबली.

मुले अजून प्रार्थना करत होती. हिवाळ्यांनी कान दिला. ती हिवाळ्यांसाठी क्षमा मागत होती.