दिव्यावरचा देव

फोन साहूचा होता. भनपुरीच्या ज्या गॅरेजात बाबांची गाडी पडून होती, त्याचा तो मालक.

"दीदी, जल्दी आइए. काकाजी भंगारवाले को लेकर आए हैं. गाडी आज ही कटेगी."

ज्ञानदाने पायांत चपला सरकवल्या. बाबांची तेरवी कालच झाली होती. त्या पंगतीत शिरीष काकांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं होतं: इंजिनाचा दिवा लागलेला असतानाही दादांनी, म्हणजे बाबांनी, गाडी दामटली. म्हणून ती रायपुरा चौकात मधेच बंद पडली, मागून ट्रक आदळला आणि ते गेले. त्या धक्क्याने गाडी पुढच्या स्कूटरवर गेली, तिच्यावरच्या बाईचा पाय मोडला.

पोलीस ठाण्यातला जबाब उद्या होता. काकांचं म्हणणं कागदावर उतरलं, की त्या मोडलेल्या पायाचे धनी बाबा ठरणार होते. आणि गाडी कापली गेली, की ते खोडून काढायला काहीच उरणार नव्हतं.

काका गॅरेजच्या दारातच उभे होते. मागे त्यांचा मुलगा अभिनव, मान खाली घालून.

"तू काहून आली?"

"गाडी पाहायला."

"पाहाले काय आहे त्यात? मागून चपटी झाली. रडाचं असन तर घरी रड."

ज्ञानदा ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. गाडीचा मागचा भाग आत घुसला होता. पुढचा जवळजवळ शाबूत होता. डॅशबोर्डवरच्या छोट्या गणपतीच्या कपाळावर कुंकवाचे थर साचले होते. बाबा रोज किल्ली लावण्याआधी त्याला बोट टेकवत. शेजारच्या सीटखाली एक नारळ, वर्तमानपत्रात बांधलेली झेंडूची वाळलेली फुलं, खोबरेल तेलाची लहान बाटली आणि कापूस.

मीटरच्या काचेवर हनुमानाचं स्टिकर होतं. कात्रीने कापून तिथे बेतलेलं. हनुमान गुडघ्यांपर्यंतच होता. कपाळ कोरं.

हा देव तिने पूर्वी पाहिला नव्हता.

तिने किल्ली अर्धी फिरवली. बॅटरीचा दिवा लागला, तेलाचा लागला, हँडब्रेकचा लागला. इंजिनाच्या दिव्याची ती वाट बघत राहिली. गाडी शिकवताना बाबांनी पहिल्यांदा हेच दाखवलं होतं: गाडी सुरू करण्याआधी किल्ली अर्धी फिरवली, की सगळे दिवे एकदा लागलेच पाहिजेत.

"साहूभैया, गाडी बंद कशाने पडली?"

"नीचे पत्थर लगा है. सेन्सर की वायर छिल गई. ऐसे में गाडी चलते-चलते बंद हो जाती है."

"आणि इंजिनाचा दिवा?"

"वो तो पत्थर लगते ही जल गया होगा."

ती खाली उतरली. "अभिनव, बाबांशिवाय गाडी कोणी चालवली होती?"

"मैंने नहीं, दीदी. बडे पापा मुझे चाबी देते कहाँ थे? पापा ले गए थे. अभनपुर."

"चूप रे, पोट्ट्या!" काका उसळले. "हो, नेली होती. प्लॉट पाहाले. मंग?"

"दगड तिथेच लागला?"

"रस्त्यानं दगड राहतेच."

"इंजिनाचा दिवा तुम्ही पाहिला होता?"

"या डोळ्यांनी पाहिला. परत आल्यावर दादाले गाडीत बसवून, बोट लावून दाखवला. तर म्हणे, चालते."

"आणि हा हनुमान कोणी लावला?"

"तुया बापानं. मी देवबीव मानत नाही, तुले माहीत आहे."

"कधी लावला?"

"पहिलेपासूनच होता."

"म्हणजे तुम्ही अभनपुरला गेलात तेव्हाही?"

"हो म्हणतो ना! वकिलीण होऊन राहिली काय?"

ज्ञानदा पुन्हा आत बसली. तिने कापूस तेलात बुडवला आणि स्टिकरच्या कडेकडेने फिरवला. थांबली. पुन्हा फिरवला. कोपरा सुटला. मग तिने अख्खा हनुमान न फाडता अलगद उचलला.

खाली पिवळा दिवा जळत होता. इंजिनाचा.

"हा पहिल्यापासून होता," ती म्हणाली, "तर तुम्हाला दिवा दिसलाच नसता, काका. बोट कशावर लावलं?"

काकांनी वाकून मीटरकडे पाहिलं.

"दिवा झाकणाऱ्याने तो आधी पाहिलेला असतो. पाहिला असं सांगणारे तुम्ही एकटे. बाबांनी हा देव लावलाच नाही. गणपतीला रोज कुंकू, याला एकदाही नाही. पाय कापलेला देव म्हणजे खंडित देव. बाबा तो पुजणार नाहीत, आणि नखाने खरवडणारही नाहीत. तेलाने सोडवून ते त्याला पाण्यात सोडणार. म्हणून तेल, कापूस, फुलं, नारळ घेऊन ते नदीवरच्या महादेव घाटावर निघाले होते. रायपुरा चौक त्याच रस्त्यावर आहे."

तिने स्टिकरची कापलेली कड काकांसमोर धरली.

"तुम्ही देव मानत नाही. दिव्यापुरता बेतताना पाय गेले, त्याचं तुम्हाला काही वाटलं नाही. पण दादा देवाला नख लावणार नाही, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं."

"मले माराचं नव्हतं त्याले!" काकांचा आवाज फाटला. "एक दगड लागला म्हणून चारचौघांत माही इज्जत काढली असती त्यानं. साठीतल्या माणसाले पोट्टा म्हणे तो! दिवा झाकतो, मंग गाडी गुपचूप बनवून आणतो म्हटलं. तेवढ्यात…"

"तेवढ्यात बाबा गेले. मग त्यांच्याच तेरवीला जेवून त्यांच्यावर ढकललंत."

"घरची गोष्ट आहे, पोरी. घरातच राहू दे."

"घरची होती, तर पंगतीत काहून सांगितली?"

भंगारवाल्याने घड्याळ पाहिलं. "काटना है कि नहीं?"

काका काही बोलण्याआधी अभिनव पुढे झाला. "नहीं, भैया. आप जाओ." वडिलांकडे त्याने पाहिलं नाही.

ज्ञानदाने तेलकट स्टिकर झेंडूच्या फुलांवर ठेवलं आणि कागदाची घडी घातली.

"आधी हा ठाण्यात जाईल," ती म्हणाली. "मग घाटावर. तिथे मी नेईन."

तिने ठाण्यात फोन केला आणि तिथला माणूस येईपर्यंत ती बाबांच्या सीटवर बसून राहिली. किल्ली तिने बंद केली नाही.