दिवंगतांची फांदी

यशवंतराव त्या संध्याकाळी फक्त कुलूप लावायला थांबले होते. राज्य नवं, राजधानी नवी. कार्यालय मात्र तलावाकाठच्या मोहल्ल्यात, बूढ़ापाऱ्यातल्या भाड्याच्या जुन्या घरात. बाकीचे घरी गेले होते. संगणकाचं काम पाहणारा शिशिर तेवढा सर्व्हरपाशी बसून होता. तलावाकडून ओला, शेवाळी वारा येत होता.

"झालं का रे पोट्ट्या?"

"हव काका. आता कामाकामाले अलग पासवर्ड नाही. सगळ्यांची नावं एका डिरेक्टरीत. सर्व्हर तिथं विचारते, हा आपला माणूस आहे का? हो म्हटलं की दार खुलते."

"अन् नाही म्हटलं तर?"

"तर बडे साहेब असले तरी बाहेर."

यशवंतराव हसले नाहीत. ती डिरेक्टरी त्यांच्या बायकोनं, मंदाकिनीनं भरली होती. आस्थापना शाखेत ती कारकून होती. जुन्या राजधानीतून, भोपाळहून आलेल्या एकेकाचं नाव तिनं टाइप केलं, नवऱ्याचं तेवढं नाही. जे नाव जन्मात तोंडानं घेतलं नाही, ते बोटानं कसं घेईल? ते शेजारच्या टेबलावरच्या हरिदासबाबूंनी घातलं, आणि वर्षभर तिला चिडवलं.

गेल्या पोळ्याला ती गेली. डिरेक्टरी झाडासारखी असते. गेलेल्याचं नाव पुसत नाहीत, फांदी बदलतात. हरिदासबाबूंनी तिचं नाव उचलून 'दिवंगत' फांदीवर ठेवलं.

शिशिरची बोटं थांबली.

"काका... कोणी आत आहे."

"कोण?"

त्यानं पडदा त्यांच्याकडे वळवला. आत शिरलेल्यांत दोनच नावं होती. शिशिर. आणि मंदाकिनी.

पंखा कुरकुरत होता. त्या कुरकुरीच्या आडून दुसरा आवाज येत होता. पलीकडच्या आस्थापनेच्या खोलीतून. टक... टक टक... टक. ती तशीच टाइप करायची, दोन बोटांनी, अक्षर शोधत. मग वास आला. ओव्याचा. जेवणानंतर ती ओवा चघळायची.

"माझीच गलती," शिशिर कुजबुजला. "सर्व्हरले फक्त नोकरीत असलेल्यांच्या फांदीवर शोधायले सांगायचं होतं. मी बुंध्यापासून सांगितलं. पूरं झाड खुललं. तिचा पासवर्ड तिथं होताच... पण टाकला कोणी?"

यशवंतराव उठले. खोलीच्या दारात उभे राहिले. आत अंधार. खुर्ची रिकामी. आवाज थांबला होता, वास मात्र दाट झाला होता. वर्षभरात घरी त्यांनी तिचे डबे, लुगड्यांची घडी, उशी, सगळं हुंगून पाहिलं होतं. कुठेच ती सापडली नव्हती.

"एकच ओळ बदलायची आहे, काका. बंद करू?"

"उद्या कर."

"काहून? काका, हे बरं नाही..."

"उद्या म्हटलं ना!"

आवाज कडक होता. किल्ल्या उचलून ते निघाले. बाहेरच्या दाराला कुलूप लावलं. आस्थापनेच्या खोलीची कडी मात्र उघडीच ठेवली.

सकाळी सगळे आपापल्या नावानं आत शिरले. यशवंतरावांना पडद्यानं सांगितलं, या नावाचा कोणी नाही. पुन्हा टाकलं. कोणी नाही.

"घ्या!" हरिदासबाबू ओरडले. "राव, तुम्हाले तर मशीननंच रिटायर केलं!"

कार्यालय हसलं. शिशिर हसला नाही. त्यानं झाड उघडलं. नोकरीतल्यांच्या फांदीवर यशवंतराव नव्हते. तो शोधत शोधत खाली गेला आणि दिवंगतांपाशी थबकला. मंदाकिनीच्या नावाशेजारी एक नवं नाव होतं. 'बदल कोणी केला' या रकान्यात तिचंच नाव होतं.

"काका, हे कोण?"

नाव एवढंच होतं: 'अहो'.

यशवंतराव पडद्याकडे वाकले. मग त्यांनी कीबोर्ड ओढला. तेच नाव टाकलं. खाली आपला जुना पासवर्ड. दार उघडलं.

हरिदासबाबूंचं हसू विरलं. शिशिरचा चेहरा पांढरा पडला होता. "काका, मी ती फांदी आत्ताच्या आत्ता बंद करतो."

"मग मी कुठून येऊ?" यशवंतरावांनी विचारलं.

पलीकडच्या रिकाम्या खोलीत खुर्ची सरकली, शेजारी जागा करून द्यावी तशी.