आयर्लंडातली दोन रिकामी मशिनं

हिमानी परळीकरनं आपली गुप्तहेर कचेरी हर्सूलला, जेलच्या भिंतीसमोर थाटली होती. गुन्हेगाराला फार लांब चालवत न्यायला नको, असं ती सांगायची. प्रत्यक्षात आजवर तिनं एकाही माणसाला तो रस्ता ओलांडायला लावला नव्हता. बहुतेक कामं लग्नाआधीच्या चौकशीची. मुलगा पितो का, आणि पीत नसेल तर त्याचं नेमकं कारण काय.

बद्रीनाथ तिचा मदतनीस. पाठलागाला त्याच्याइतका योग्य माणूस शहरात नव्हता. तो इतका आडवातिडवा होता, की हा माणूस लपलाय, अशी शंका कुणाला यायचीच नाही.

मे महिन्यातल्या त्या सकाळी शंतनू आष्टीकर दारात आला, तेव्हा बद्रीनाथ आंघोळीचं पाणी कुंडीत ओतत होता. कुंडीत झाड नव्हतं. पण सवय मोडू नये, असं त्याचं मत होतं.

"माझ्या कंपनीत दोन मशिनं सापडलीत," शंतनू म्हणाला.

"सापडली?" बद्रीनाथनं विचारलं. "साहेब, हरवली असती तर आम्ही शोधली असती. सापडल्यावर आमचं काय काम?"

हिमानीनं खुर्ची पुढं केली. "बसा. सुरुवातीपासून सांगा."

शंतनूची 'घागर' नावाची कंपनी होती. नळ आठवड्यातून एकदा यायचा, शहर मात्र पडेगावच्या पुढं रोज थोडं थोडं सरकत होतं. नव्या सोसायट्यांमध्ये लिफ्ट होती, जिम होती, पाणी नव्हतं. लोक मोबाइलवरून 'घागर'वर टँकर मागवायचे. ही सगळी नोंदणी क्लाउडवर चालायची.

क्लाउड म्हटल्यावर बद्रीनाथनं खिडकीतून वर पाहिलं. वर काही नव्हतं.

"मशीन म्हणजे आमच्या ऑफिसातलं खोकं नाही," शंतनू समजावू लागला. "एका मोठ्या कंपनीच्या लांबच्या इमारतीत आपल्या नावानं चालणारा एक हिस्सा. इथं बसून पडद्यावर फॉर्म भरायचा, मशीन कुठल्या देशात हवं ते निवडायचं, बटण दाबायचं. चहा येईपर्यंत तयार. आमची सगळी मशिनं मुंबईत आहेत. आज सकाळी बघतो, तर आयर्लंडात दोन जास्तीची."

"आयर्लंडात टँकर जातात तुमचे?"

"नाही हो. आमच्याकडं एका सरकारी खात्याचं काम आहे. लोकांची माहिती देशाबाहेर जाता कामा नये, ही त्यांची पहिली अट. आज संध्याकाळी त्यांचे साहेब येणार. ही मशिनं आमच्या इंजिनिअर मोनिकाच्या लॉगिनवरून तयार झालीत. संध्याकाळपर्यंत दुसरं काही निघालं नाही, तर मला तिला सायबर पोलिसांच्या हवाली करावं लागेल." तो पुढं म्हणाला, "पहिल्या दिवसापासून आहे ती. मन धजत नाही."

'घागर'चं ऑफिस पडेगावला, एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होतं. जिन्यात फळकुटावर 'पाणी जपून वापरा' असं लिहिलं होतं. वर नळच नव्हता, त्यामुळं ही सूचना शंभर टक्के पाळली जात होती.

मोनिका हॉलच्या कोपऱ्यात बसली होती. तिचे डोळे लाल होते, पण आवाज रडवेला नव्हता.

"विचारा," ती म्हणाली. "सकाळपासून सगळे मला बघून आवाज खाली करतायत. निदान तुम्ही मोठ्यानं बोला."

"लॉगिन तुमचंच?"

"माझंच. पण हॉलमधल्या त्या कॉम्प्युटरवर मी ते उघडंच ठेवते. अ‍ॅप अडकलं, तर कुणालाही मशीन बंद-चालू करता यावं म्हणून. टँकर अडला की सोसायटीतल्या काकू शिव्या मला देतात, शंतनूसरांना नाही. आम्ही नवीन जागेत आलो, तेव्हा मी सगळ्यांना एकदा मशीन तयार करूनसुद्धा दाखवलं होतं. पुढं, पुढं, तयार करा. एवढंच असतं."

"त्या मशिनांत काय आहे?"

"काहीच नाही. तेच तर मी ओरडून सांगतेय. मशीन तयार करताना आत जायची किल्ली मिळते, एक फाइल. ती त्याच वेळी उतरवून घ्यावी लागते. ज्यानं ही केली, त्यानं किल्ली घेतलीच नाही. आत कुणी गेलं नाही, बाहेर काही आलं नाही."

"म्हणजे चोरानं घर बांधलं, दिवा लावला आणि किल्ली घेतलीच नाही," बद्रीनाथ म्हणाला.

"हे तुम्ही पोलिसांना सांगा. मी सांगितलं की ते म्हणतील, तुला बरं माहीत."

"दुपारी कुठं असता?"

"डबा खायला खाली. सगळेच जातात. आप्पासाहेब तेवढे वरच थांबतात, त्यांना जिना सोसत नाही. आणि हिमांशू. तो जेवत नाही, प्रोटीन पितो."

हिमांशू कंपनीचा दुसरा इंजिनिअर. टेबलावर त्याचे पासपोर्ट फोटो पसरले होते, आणि एकाही फोटोत तो हसत नव्हता.

"परदेशी निघालात?" हिमानीनं विचारलं.

"मिळेल तिथं."

"आयर्लंड?"

"मॅडम, मी केलं असतं तर पुरावा ठेवला नसता." हे वाक्य तो पुढच्या पाच मिनिटांत आणखी दोनदा म्हणाला. मग सांगू लागला, "ज्यानं केलं तो येडा आहे. यादीत मुंबई आपोआप निवडलेली असते. हा माणूस खाली जाऊन जाऊन मुद्दाम आयर्लंड शोधतो. बरं, दोन मशिनं कशाला? ती कधीच एकत्र चालत नाहीत. एक थोडा वेळ चालवतो, बंद करतो, मग दुसरं लावतो. परत पहिलं. रोज दुपारी हेच, संध्याकाळपर्यंत."

"त्याचा काही फायदा?"

"शून्य. मशीन वर्षभर न थांबता चालतं. त्याला दम लागत नाही."

"क्या बात है," बद्रीनाथ म्हणाला. तो दोन जिने चढून आला होता.

आप्पासाहेब कंपनीचे भागीदार. दौलताबादला त्यांची बागायत होती. विहीर आटली, बाग वाळली, तेव्हा त्यांनी टँकर घेतले आणि शंतनूच्या अ‍ॅपवर लावले. त्यांच्या केबिनमध्ये भट्टीसारखी हवा होती. टेबलाच्या दोन बाजूंना दोन पंखे होते. एकच फिरत होता.

"या, बसा," आप्पासाहेब म्हणाले. "पानी मागू नका, बाकी काय बी मागा."

बद्रीनाथनं दुसऱ्या पंख्याकडं हात नेला.

"ऱ्हाऊ दे त्याला. आत्ताच बंद केलाय."

"दोन्ही लावू की, आप्पा. लई उकडतंय."

"दोन्ही लावल्यावर गार कोन व्हनार?"

बद्रीनाथनं या प्रश्नावर बराच विचार केला आणि हात मागं घेतला. मग भिंतीकडं बोट दाखवलं. "घड्याळ बंद पडलंय तुमचं. भर दुपारी सकाळचे दहा दाखवतंय."

"बंद नाय. चालू हाय."

काटा खरंच फिरत होता.

"मोनिकावर चोरीचा आळ आहे," हिमानी म्हणाली. "तुम्हाला काय वाटतं?"

"ती पोर चोरी करनार नाय. शंतनू म्हनला, मानसांची माहिती चोरीला गेली. आता टँकरवाल्याकडं मानसांची काय माहिती असनार? कोन किती वेळा अंघोळ करतं?" त्यांनी मोबाइल हातात घेऊन पडदा डोळ्यांजवळ नेला. "आज बी झिमझिम हाय."

बद्रीनाथनं खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यावरून धुळीचा एक लोट दौलताबादकडं निघाला होता.

"मुलंबाळं?" हिमानीनं विचारलं.

"एक लेक. मृण्मयी. इंजिनेर हाय, भाईर असती. फोन करती रविवारी." त्यांनी मोबाइल कानाशी धरून दाखवला. "बरं हाय का, बरं हाय, ठेवू का, ठेव. झालं."

बाहेर आल्यावर बद्रीनाथ खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, म्हाताऱ्याचं डोकं उन्हानं गेलंय. दुष्काळात पाऊस दिसतोय त्याला. घड्याळ उलटं. चला, हिमांशूला धरू. फोटोत हसत नाही तो."

"पासपोर्टच्या फोटोत हसू देत नाहीत, बद्रीभाऊ. सगळ्यांना हॉलमध्ये बोलवा. साहेब यायच्या आत संपवू."

सगळे जमले. मोनिकानं पर्स मांडीवर धरली होती, लगेच निघावं लागेल अशी. आप्पासाहेबांना बद्रीनाथनं खुर्ची आणून दिली.

"चोराला काहीतरी हवं असतं," हिमानीनं सुरुवात केली. "या माणसाला मशिनातलं काहीच नको होतं. किल्लीसुद्धा नको होती. म्हणजे मोनिका आणि हिमांशू दोघंही सुटले. इंजिनिअर मशीन बनवेल तो आत जायला. ज्याला आत जायचंच नाही, त्याला मशीन फक्त चालू हवंय."

"नुसतं चालू ठेवून काय मिळतं?" शंतनूनं विचारलं.

"त्याआधी दुसरं बघू. दोन मशिनं आळीपाळीनं. हिमांशू म्हणतो येडेपणा. मला तो येडेपणा वाटत नाही, काळजी वाटते. एकाला विश्रांती, तोवर दुसरं. मशीन तापतं असं ज्याला मनापासून वाटतं, त्याचं हे काम. कॉम्प्युटरवाल्याला असं वाटणार नाही. ज्यानं जन्मभर विहिरीवरच्या मोटरी चालवल्या, त्याला वाटेल. सलग चालवली की मोटर जळते. केबिनमधले पंखेसुद्धा तो तसेच चालवतो."

सगळ्यांनी आप्पासाहेबांकडं पाहिलं. आप्पासाहेबांनी बद्रीनाथकडं पाहिलं. बद्रीनाथनं मागं कोणी आहे का, ते पाहिलं.

"मोटर शेतात असते आणि माणूस घरी," हिमानी पुढं म्हणाली. "हल्ली घरून मोबाइलवरून फोन लावला की शेतातली मोटर चालू होते. लांबचं यंत्र इथून चालू करायचं, यात आप्पासाहेबांना नवीन काहीच नव्हतं. मोनिकानं दाखवलं, ते त्यांनी एकदाच बघितलं. दुपारी हॉल मोकळा, लॉगिन उघडं. नंतर बंद-चालू करायला त्या कॉम्प्युटरवर कुणीही बसतं, त्याचं कुणाला नवल वाटत नाही. आता आयर्लंडच का? केबिनमधलं घड्याळ बंद नव्हतं. ते तिथली वेळ दाखवत होतं. मोबाइलमधली झिमझिमही तिथलीच. आपल्याकडं दुपार होते, तेव्हा तिथं लोक कामावर पोचतात. आप्पासाहेब, मृण्मयी आयर्लंडातच असते ना? मशिनांच्या इमारतीत?"

आप्पासाहेबांनी मान हलवली.

"व्हय. पन मी चोरलं काय?" ते शंतनूला म्हणाले. "तू म्हनला माहितीची चोरी. मला वाटलं ते येगळं. मी तर मोटर लावली."

"कशाला पण, आप्पा?"

 धोतराच्या सोग्यानं आप्पासाहेबांनी चष्मा पुसला, आणि मग तो हातातच राहिला.

"ती म्हनली व्हती एकदा. आप्पा, जगात कुनीतरी कुठूनतरी मशीन चालू करतं, अन् आमच्याकडं मशिनांच्या फळीवर हिरवा दिवा लागतो. मी म्हनलं, कुठूनबी? म्हनली, कुठूनबी. ती दिवसभर त्या फळ्यांमधून हिंडती. फोनवर मला काय सुचत नाय. तिची माय व्हती तवर ती बोलायची, मी ऐकायचो. आता दोघं बी ऐकत बसतो. दिवा लावला की... बोलल्यागत वाटतं."

"तिला माहीत आहे?" हिमानीनं विचारलं.

"कशाला? कामात असती."

हिमांशू अस्वस्थ झाला होता. चूक दिसली की त्याला गप्प बसवत नसे. "आप्पा, तसा दिवा लागत नाही. एका मोठ्या सर्व्हरवर अशी शेकडो मशिनं असतात. त्याचा दिवा आधीपासून चालूच असतो. तुमच्यामुळं नाही लागत तो."

 शंतनूनं हिमांशूकडं असं पाहिलं, की आपला व्हिसा आत्ताच व्हावा असं हिमांशूला वाटलं असावं.

"म्हंजी आधीपास्नं चालूच हाय?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"हो."

"बंदच व्हत नाय?"

"नाही."

"मग बरं हाय की," आप्पासाहेब म्हणाले, आणि चष्मा घातला.

शंतनू मोनिकाकडं वळला. "मोनिका, मी..."

"नंतर, सर. आज घरी जाऊन आईला मला काय सांगावं लागलं असतं, ते तुम्हाला नंतर सांगते. सावकाश. सगळ्यांसमोर." तिनं पर्स टेबलावर ठेवली. "साहेबांना लिहून द्या, मशिनं रिकामी होती, भागीदारानं बनवली, आजच काढून टाकतो. काढावी तर लागतीलच."

ती हॉलमधल्या कॉम्प्युटरपाशी गेली आणि मागं वळून म्हणाली, "आप्पा, या इकडं. तुमच्यामुळं मी आज जेलमध्ये असते."

"चुकलं बाई माझं."

"चुकलंच. बसा. तुम्ही लावली, तुम्हीच काढा."

आप्पासाहेब तिच्या खुर्चीत बसले. तिनं दाखवलं तिथं त्यांनी एका बोटानं दाबलं. पडद्यावर एक चौकट उघडली.

"काय म्हनतंय?"

"विचारतंय, नक्की काढायचं का? परत मिळणार नाही."

खालून मंगल कार्यालयात कुणीतरी माइक तपासत होतं. आप्पासाहेबांचं बोट तसंच वर राहिलं.

"तिची डूटी संपायला येळ हाय अजून," ते म्हणाले.

जिन्यावर बुटांचा आवाज आला. शंतनू साहेबांना घ्यायला दाराकडं धावला. मोनिकानं एक खुर्ची ओढली, पडद्याच्या आणि दाराच्या बरोबर मधे ठेवली, आणि दाराकडं पाठ करून बसली.

"आज रविवार नाही," ती हळूच म्हणाली. "फोन लावा. काय बोलायचं, मी सांगते."