रिकाम्या सीटचा पट्टा

माझी धाकटी नात आरोही हिचं बारसं झालं, त्याच साली सुभाषने नवी गाडी घेतली. भात झोडून झालं होतं. चाकणच्या कारखान्यात कामाला असलेला हा माझा मुलगा बारशासाठी ती गाडी घेऊन आहुप्याला आला.

आमचं घर उतारावर आहे. अंगणाच्या टोकाला कडा, कड्याखाली कोकण.

उमेदीत मी घोडेगावच्या जीपवर क्लीनर होतो. चढाला जीप थांबली की उडी मारून चाकामागे दगड लावायचा, हे माझं काम. म्हणून गाडीत डोकावल्यावर मी आधी हँडब्रेकचा दांडा शोधला. दांडा नव्हता.

"दांडा कुठंय रं?"

"बटण हाय, बाबा." सुभाषने एक लहानसं बटण वर ओढलं. मागच्या चाकांतून घुर्र असा बारीक आवाज आला आणि समोर लाल दिवा लागला. "मागल्या दोनी चाकांना मोटार हाय. ती ब्रेक आवळून धरती. गाडी बंद केली तरी सुटत न्हाय. पट्टा लावून ॲक्सिलेटर दाबला की आपसूक सुटतो."

शेजारचा धर्माजी हसला. "मंग कुशाबा, तुझी नोकरी गेली की राव!"

लंकाबाई, माझी बायको, हसली नाही. "यंत्राचं काय खरं? मागं कडा हाय," म्हणाली. थोड्या वेळाने तिने कुठूनसा एक काळा दगड आणून चाकामागे सरकवला. भर उन्हात तो ओला होता.

बारसं चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापताना लंकाबाईच्या छातीत कळ आली. पीठ लागलेल्या हातानेच तिने छाती दाबून धरली. अंग घामाने भिजलं. मंचरचा दवाखाना लांब, डिंभ्याच्या धरणाला वळसा घालून जायचं. उशीर झाला तर बाई हातची जाणार, हे आम्हाला दिसत होतं.

सून जया लेकराजवळ राहिली. लंकाबाईला मागे बसवून पट्टा लावला, मी पुढे बसायला निघालो. सुभाषने घाईत चाकामागचा दगड लाथेने उडवला. तो अंगणातून गडगडत गेला आणि कड्यावरून खाली गेला.

आम्ही दोघेही जागीच थांबलो. खाली पडल्याचा आवाज यायला हवा होता. आला नाही.

सुभाषने पट्टा लावला, गाडी चालू केली, ॲक्सिलेटर दाबला. इंजिन ओरडलं. गाडी हलली नाही. त्याने बटण खाली दाबलं, पुन्हा दाबलं. लाल दिवा तसाच.

मग टिंग, टिंग, टिंग असं वाजायला लागलं.

"काय वाजतंय?"

"मागं कुणी पट्टा लावला न्हाय म्हणतीय."

"आईचा तर लावलाय."

"आईचा न्हाय. तिच्या शेजारचा, मधला."

मी वळून पाहिलं. शेजारच्या सीटवर कुणी नव्हतं. पिशवीसुद्धा नव्हती. सीटचं कापड मात्र ओलं होतं, आणि गाडीत कुजल्या पाल्याचा वास येत होता.

"सीटवर वजन पडल्याबिगर वाजत न्हाय," सुभाष म्हणाला. "आन् त्या पट्ट्याचा ब्रेकाशी काय संबंधच न्हाय, बाबा."

मी लंकाबाईला विचारलं, "दगड कुठनं आणला व्हतास?"

"राईतनं." तिला बोलताना धाप लागत होती. "पोराची गाडी. म्हनलं, देवाचा दगड धरून ठिवंल."

देवाच्या राईतली वाळली काडीसुद्धा आम्ही घरी आणत नाही. चुलीला नाही, सरणालाही नाही. हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. आणि आता परत नेऊन ठेवायला दगड उरला नव्हता.

लंकाबाई दाराकडे सरकली. जागा केल्यासारखी.

"बसू द्या त्यास्नी," म्हणाली.

तिने शेजारचा पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवरून नेऊन खटकन लावला.

पट्टा सीटला टेकला नाही. मध्येच फुगून ताणलेला राहिला.

टिंगटिंग थांबली.

मागून घुर्र असा आवाज आला. लाल दिवा विझला. गाडी निघाली.

सुभाषने आरसा वर फिरवून ठेवला. धरण दिसू लागलं तेव्हा लंकाबाई हळूच म्हणाली, "हात लई गार हाय हो."

"कुणाचा? तुझा?"

तिचं डोकं दाराला टेकलं आणि डोळे मिटले.

मंचरला डॉक्टरांनी फक्त तिचे डोळे उघडून पाहिले, नाडी पाहिली आणि मान हलवली.

तिला ॲम्ब्युलन्समध्ये ठेवलं. आम्ही बापलेक तिच्या मागे निघायला गाडीत बसलो. दवाखान्याचं आवार सपाट होतं. तरी गाडी हलेना. टिंग, टिंग, टिंग.

सुभाष स्टेअरिंगवर डोकं टेकून रडायला लागला. मी उतरून मागचं दार उघडलं. मधला पट्टा अजून तसाच ताणलेला होता. वाजत होता तो दाराकडचा, जिथे लंकाबाई बसून आली होती तो.

मी तो ओढला. तोही सीटला टेकला नाही. मी खटका लावला.

घुर्र.

लंकाबाई वारली ती त्याच साली, मार्गशीर्षात, आरोहीच्या बारशाच्या दुसऱ्या दिवशी, डिंभ्याच्या धरणाजवळ.