अठरावा हात

१९६८ साली मी खानदेशातल्या एका लहानशा नगरपालिकेत कारकून होतो. गावाचं नाव लिहीत नाही. पारोळ्याहून किंवा एरंडोलहून एस.टी.नं तासाभरात पोचता यायचं, एवढं पुरे.

माझ्याकडे सभेचं काम होतं. विषयपत्रिका काढायची, छगन शिपायाबरोबर ती मेंबरांच्या घरोघरी पाठवून सह्या आणायच्या, सभेत मतं मोजायची आणि प्रोसिडिंग बुकात ठराव उतरवायचे. दिवाबत्ती, गटारी, कोंडवाडा, मोकाट कुत्री, बाजारातली घाण, असे विषय असत. नऊ वर्षं मी हेच करत होतो. मोजण्यात माझी कधी चूक झाली नव्हती. फुशारकी म्हणून सांगत नाही. पुढचं ऐकताना ते लक्षात असावं म्हणून सांगतो.

मेंबर सतरा होते. त्यांतले एक नगराध्यक्ष नेमीचंद शेठ. साठीचे, कापसाचे व्यापारी, बोलणं हळू. बायकांमधून एकट्या पुष्पाबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. पुरुष मेंबर लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना तीन-चार ओळींत बसत, आणि पुष्पाबाईंची खुर्ची माझ्या टेबलाशेजारी, सगळ्यांकडे तोंड करून असे.

त्या एप्रिलात शाळेचा विषय निघाला. आमची प्राथमिक शाळा एका बंद जिनिंगच्या गोडाऊनमध्ये भरायची. वर पत्रे. सकाळची शाळा असूनही दहाच्या पुढे पोरं घेरी येऊन पडत. माझी लता तिथेच पहिलीत होती. दोनदा तिला मी खांद्यावर टाकून घरी आणलं होतं. त्यामुळे नवी शाळा व्हावी असं मला मनापासून वाटत होतं. कारकुनाला मत नसतं, पण वाटणं असतंच.

ठराव शालिग्राम आबा या मेंबरांनी मांडला. गावाबाहेर पालिकेची जागा पडून होती, तिथे शाळा बांधावी. त्या जागेवर एक लांबट कौलारू शेड होती. प्लेगच्या आणि नंतर तापाच्या साथीत आजारी माणसांना तिथे नेऊन ठेवत. गावात तिला नुसतं 'शेड' म्हणत, आणि तेही कमीच.

"पन्नास वर्षं झाली त्या गोष्टीला," आबा म्हणाले. "पोरांचा आवाज होईल तिथं. चांगलंच आहे ना?"

"दुसरी जागा बघा," सत्तार मेंबर म्हणाले. त्यांचा लोखंडी सामानाचा कारखाना होता, माणूस एरवी बडबड्या. त्या दिवशी एवढंच बोलले.

मग नेमीचंद शेठनी मत घ्यायला सांगितलं.

बाहेर लू चालली होती. वाळ्याच्या पडद्यांवर छगन पाणी मारत होता. मी उभा राहून ठरावाच्या बाजूचे हात मोजले. नऊ. मला बरं वाटलं. सतरांत नऊ म्हणजे ठराव झाला. रीत म्हणून विरुद्धचे हात मोजले.

तेही नऊ.

मी हजेरीच्या सह्या पाहिल्या. सतरा. परत हात वर करायला लावले. परत नऊ आणि नऊ. कोणीतरी दोन्ही बाजूंनी हात करतंय, असं म्हणत मेंबर एकमेकांवर ओरडू लागले. मी त्यांना उठवून बाजूच्यांना खिडकीकडे आणि विरुद्धच्यांना दाराकडे उभं केलं. खिडकीकडे आठ, दाराकडे नऊ. बसवलं, हात वर करायला सांगितले. ठरावाच्या बाजूनं नऊ.

या वेळी मी हातांमागचे चेहरे शोधले. शेवटच्या ओळीत सत्तारभाईंच्या पलीकडे, खांबाच्या कडेला एक हात वर होता. सत्तारभाईंचे दोन्ही हात मांडीवर होते. तो हात इतरांपेक्षा खालीच होता, म्हणजे आखूड. मनगट बारीक. बोटं ओली दिसत होती.

मी डोळे चोळले तेव्हा सगळ्यांनी हात खाली घेतले होते.

"भाऊसाहेब," पुष्पाबाई माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "सत्तारभाईंच्या मागं कोण बसलंय?"

"मागं भिंत आहे, बाई."

"ते मलाही दिसतंय," त्या म्हणाल्या, आणि उठून उभ्या राहिल्या. "अध्यक्ष महाराज, या विषयावर नावानिशी मत घ्यावं अशी माझी मागणी आहे."

नेमीचंद शेठचा चेहरा घामानं डबडबला होता. त्यांनी विषय पुढच्या सभेवर टाकला आणि मधल्या काळात जागेची पाहणी करून मोजमाप आणायला सांगितलं.

पाहणीला मी आणि छगन गेलो. सकाळचे नऊ वाजले असतील, ऊन लख्ख होतं. शेडच्या भोवती काटेरी बाभळी माजल्या होत्या. वाट अशी नव्हतीच. छगननं कोयत्यानं फांद्या तोडल्या, तेव्हा दारापर्यंत पोचलो. दाराला कुलूप होतं, गंजून कडीला चिकटलेलं. छगननं दगडानं ते तोडलं.

आत अंधार असेल, वटवाघळं असतील, असं धरून मी नाकाला रुमाल लावला होता. वास आला तो शेणाचा. ताज्या.

आतली जमीन सारवलेली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्ये अजून ओलं होतं आणि कौलांतून पडलेल्या उन्हाच्या कवडशात चमकत होतं. मी वाकून पाहिलं. सारवताना उठलेले बोटांचे अर्धगोल ओळीनं गेले होते. आमच्या घरी बायको सारवते, तिच्या हाताची फेरी केवढी पडते ते मला माहीत होतं. ही त्याच्या निम्मीही नव्हती.

"छगन, इथं कोण राहतं?"

"आठे कोनी येत नही, भाऊसाहेब." त्यानं टेप माझ्या हातात दिली. "कुलूप तं आपनच तोडं ना आते. चला, निंघूत आपन."

मी मोजमाप घेतलं नाही. ऑफिसात येऊन अंदाजानं आकडे लिहिले. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

त्या रात्री मी बायकोला काही बोललो नाही. सकाळी मात्र लताला शाळेत पाठवलं नाही. ऊन फार आहे, म्हणालो. पुढचे सगळे दिवस तसंच म्हणत राहिलो.

दुसरी सभा बारा दिवसांनी, दुपारी तीनला. सतराच्या सतरा आले. मी सकाळीच शेवटच्या ओळीतल्या जास्तीच्या खुर्च्या बाहेर काढल्या होत्या. खांबाजवळ पाण्याचा माठ आणून ठेवला होता, म्हणजे तिथे कोणाला बसता येऊ नये. हे वेडेपणाचं आहे हे मला कळत होतं.

मी यादी हातात घेतली आणि एकेक नाव घेऊ लागलो. ज्यानं त्यानं 'होय' किंवा 'नाही' म्हणायचं. शालिग्राम आबा 'होय' म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. सत्तारभाई 'नाही' म्हणाले. पुष्पाबाई 'नाही' म्हणाल्या. शेवटचं नाव नेमीचंद शेठचं.

"नाही," ते म्हणाले.

आठ होय, नऊ नाही. मला शाळा हवी होती, तरी माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मी दौतीत टाक बुडवून लिहिलं, 'ठराव बहुमताने नामंजूर.'

टाक उचलला.

"मनं नाव ऱ्हायनं."

आवाज लहान होता. आपलं नाव राहिलं अशा तक्रारीचा नव्हता. वर्गात एखादं मूल सांगतं तसा, साधा.

कोणी मान वळवली नाही. सतरा माणसं समोर बघत बसली होती. मला शेवटची ओळ सरळ दिसत होती. खांब होता, माठ होता. माठाच्या तोंडावरचा पेला हलत होता.

पडद्यावरचं पाणी टपकत होतं.

पुष्पाबाईंनी माझी बाही धरली होती. त्यांची नखं मला टोचत होती.

"विचारा," नेमीचंद शेठ म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेले होते. "विचारून घ्या, भाऊसाहेब. तसं ठेवू नका."

मी यादी पुन्हा हातात घेतली.

"आपलं नाव?"

नाव सांगितलं गेलं. स्पष्ट. सगळ्यांनी ऐकलं.

सत्तारभाई ओंजळीत तोंड घालून हुंदके देऊ लागले. शालिग्राम आबा उठले आणि चपला न घालता बाहेर पडले. सभा संपली असं कोणी म्हटलं नाही. पाच मिनिटांत सभागृहात मी आणि पुष्पाबाईच उरलो.

"चंदन," नेमीचंद शेठ जाताना दारात थांबून म्हणाले होते. "माझी मोठी बहीण. ताप आला म्हणून बापूंनी तिला गाडीत घालून तिकडं नेलं. मी गाडीमागं पळत गेलो होतो. परत आणायला कोणी गेलं नाही."

"चंदन?" पुष्पाबाई आता म्हणाल्या. "मी तर दुसरंच ऐकलं." त्यांनी काय ऐकलं ते सांगितलं नाही. छगननं मला नंतर सांगितलं की सत्तारभाई घरी जाईपर्यंत 'अमिनाबी, अमिनाबी' म्हणत होते. त्यांची आत्या होती म्हणे. नऊ वर्षांची.

प्रत्येकाच्या घरातून कोणी ना कोणी तिकडे गेलेलं होतं. मी मूळचा धुळ्याचा, बाहेरचा माणूस. माझं त्या शेडमध्ये कोणी नव्हतं.

तो विषय पुन्हा पटलावर आला नाही. शाळा पुढे स्टँडच्या बाजूला झाली, असं कळलं. मी ती पाहिली नाही, कारण आठवड्याच्या आत मी राजीनामा देऊन बायको-मुलीसह धुळ्याला आलो आणि एका वखारीत नोकरी धरली. चांगली कायम नोकरी का सोडली, हे बायको वर्षानुवर्षं विचारत राहिली. लता मोठी झाली, तिचं लग्न झालं. घरात होती तोवर तिला मी दुपारचं कधी झोपू दिलं नाही. तिला ते आवडायचं नाही.

त्या दुपारी मी काय ऐकलं, ते इतकी वर्षं मी कोणालाच सांगितलं नाही.

मी 'लता' ऐकलं होतं.

प्रोसिडिंग बुक तसंच उघडं टाकून मी घराकडे धावत सुटलो. चार वाजले होते, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बायको ओट्यावर धान्य निवडत होती. ती काही विचारायच्या आत मी आत शिरलो. लता चटईवर उठून बसली होती, नुकतीच झोपेतून जागी झालेली. कपाळाला हात लावला. ताप नव्हता. अंग थंडगार होतं, त्या उन्हात.

"काय झालं गं, बाळा?"

"काही नाही, अण्णा. बाई हजेरी घेत होत्या. सगळ्यांची नावं घेतली, माझंच राहिलं. मग मी सांगितलं."

"कोणत्या बाई?"

ती जरा आठवत राहिली. मग जांभई देत म्हणाली,

"त्या म्हणाल्या, बस. तुझी जागा आम्ही सारवून ठेवलीय."